नकाशासह समक्ष

पाणी वरून खाली वाहतं, ही गोष्ट वरिष्ठांना पटवून देण्यासाठी बाईंना एकशे ऐंशी किलोमीटर जावं लागलं आणि तिथे तीन दिवस तळ ठोकावा लागला. जाताना मात्र सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं होतं, "सकाळी जाते, नकाशा दाखवते, संध्याकाळी घरी."

बाई पाणीपुरवठा खात्याच्या विभागीय कार्यालयात अठ्ठावीस वर्षं आरेखक होत्या. कार्यालयात त्यांना मागून सगळे 'फूटपट्टी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. फूटपट्टी निदान सरळ तरी असते, आपल्या आसपासच्या किती जणांबद्दल असं म्हणता येईल, असा त्यांचा विचार. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चूक दिसली की त्या पेन्सिलीने तिच्याभोवती बारीकसा गोल काढत आणि गप्प बसत. तो गोल मात्र चूक करणाऱ्याला पुढे आठवडाभर झोपू देत नसे.

असाच एक गोल त्यांनी टेकडीवरच्या वस्तीच्या नकाशावर काढला होता. चारशे घरांची ती वस्ती पायथ्याच्या नळावरून हंडे-बादल्या भरून वर नेत होती. नऊ वर्षं अर्ज करून करून शेवटी टाकी मंजूर झाली आणि मुख्य कार्यालयातून तिचा नकाशा आला. बाईंनी सवयीप्रमाणे तो मोजणीच्या जुन्या वहीशी ताडून पाहिला. वहीत टाकीची जागा टेकडीच्या माथ्यावर होती, उंची सहाशे एकतीस मीटर. नकाशात टाकी घसरून पायथ्याच्या जवळ येऊन बसली होती, उंची सहाशे बारा. आणि सगळ्यांत वरच्या घराचा उंबरा होता सहाशे एकवीसवर. म्हणजे ज्या टाकीने घरांना पाणी द्यायचं, ती घरांच्या नऊ मीटर खाली.

बाईंनी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'आपले पत्र प्राप्त झाले.' दुसरं लिहिलं. उत्तर आलं, 'आपले दुसरे पत्र प्राप्त झाले.' तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. चौथ्या पत्रात बाईंनी पाया खणायला यंत्र कोणत्या सोमवारी येणार, ती तारीख टाकली आणि तिच्याखाली फूटपट्टी लावून दोन रेघा मारल्या. तेव्हा उलट टपाली हुकूम आला : 'नकाशासह समक्ष उपस्थित राहावे.'

समक्ष कोणी राहावं, हे हुकमात नव्हतं. खरं तर बाईंच्या साहेबांनी जायचं. पण साहेबांची कंबर हे खात्यातलं सगळ्यांत अचूक यंत्र होतं. वरून काही कोसळणार असलं की ती दोन दिवस आधी धरायची. त्याही वेळी तिने बरोबर वेळ साधली. साहेब खुर्चीत उशी घेऊन म्हणाले, "बाई, तुम्हीच जाऊन या. दाखवायचाच तर आहे. फार बोलू नका म्हणजे झालं."

प्रवासाची बातमी बाईंच्या आधी घरी पोचली आणि घराच्या आधी शेजारी. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक लगेच खाली उतरले. त्यांनी बसमध्ये डाव्या खिडकीशी बसण्याचे फायदे सांगितले, मग उजव्या खिडकीशी बसण्याचे सांगितले आणि शेवटी मधल्या रांगेत बसणं उत्तम असा निकाल दिला. नणंद तर फोनवर न थांबता स्वतःच आली. ती आयुष्यात दोनदा परगावी गेली होती आणि दोन्ही वेळा तिची बॅग हरवली होती. त्यामुळे प्रवास या विषयातला तिचा अधिकार घरात कोणी नाकारत नसे.

"वहिनी, हॉटेलातल्या कुलपावर विश्वास ठेवायचा नाही. हे माझं घेऊन जा," तिने मुठीएवढं पितळी कुलूप बाईंच्या हातात ठेवलं.

"अगं, मी हॉटेलात राहणारच नाहीये. संध्याकाळी परत येणार आहे."

"सगळे असंच म्हणून जातात," नणंद म्हणाली, आणि बाई कुठे अनंताच्या प्रवासाला निघाल्यासारखा त्यांच्याकडे एक दीर्घ कटाक्ष टाकला.

बाईंच्या यजमानांनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी वस्तू दिली, आणि पुढचं रामायण त्या वस्तूनेच घडवलं. यजमान छापखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झाले होते. तेव्हापासून घरातली एकही वस्तू आपल्या मूळ अवस्थेत राहिली नव्हती. नकाशा सव्वातीन फुटांहून थोडा जास्त लांब, घडी घातली तर रेघा मोडणार, गुंडाळून नेला तर चुरगळणार. यजमानांनी दोन संध्याकाळी खपून चार फुटांच्या पीव्हीसी पाइपात नकाशा घातला आणि दोन्ही तोंडांना टोपणं बसवली.

"आता यावर बादलीभर पाणी ओत," ते म्हणाले. "थेंब गेला तर नाव बदलीन."

बाईंनी पाइप हातात घेऊन पाहिला. दिसायला ओबडधोबड होता, पण नवऱ्याने आपल्या कामासाठी दोन संध्याकाळी घालवल्या, याचं त्यांना बरं वाटलं. बरं वाटल्यावर माणूस तपासणी करत नाही. बाईंनीही केली नाही. आयुष्यात न तपासता स्वीकारलेली ती त्यांची एकमेव वस्तू असावी.

बुधवारी पहाटेच्या बसमध्ये पाइपावरून पहिली चकमक झाली. वरच्या फळीवर तो मावेना, सीटखाली जाईना.

"पाइप टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

"हा पाइप नाही, नकाशा आहे."

"मला तर पाइपच दिसतोय."

"मलाही तुम्ही शांत माणूस दिसला होतात," बाई म्हणाल्या आणि पाइप गुडघ्यांमध्ये उभा धरून बसल्या. कंडक्टर विचारात पडून पुढे गेला. पण खरा त्रास पुढे होता. गाडीत उभी राहणारी माणसं वाढली आणि वळण आलं की आधारासाठी लोक तोच पाइप धरू लागले. एका गृहस्थांनी तर तो आपलं उतरायचं ठिकाण येईपर्यंत सोडलाच नाही. उतरताना "खांब हलतो हो तुमच्या गाडीचा" अशी तक्रार मात्र कंडक्टरकडे करून गेले.

साडेअकराला बाई मुख्य कार्यालयाच्या फाटकाशी पोचल्या. पहारेकऱ्याने आधी पाइपाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पाइपाकडे.

"यात काय आहे?"

"नकाशा."

"उघडून दाखवा."

बाईंनी टोपण फिरवलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाइप पायात धरून ओढलं, मग पहारेकऱ्याने एक टोक आणि बाईंनी दुसरं धरून रस्सीखेच केली. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून कोण जिंकतं ते पाहू लागले, तेव्हा बाईंनी शरमेने ती थांबवली आणि घरी फोन लावला.

"अहो, हे टोपण काढायचं कसं?"

पलीकडून यजमानांनी विचारलं, "काढायचं?"

"मग नकाशा दाखवायचा कसा?"

"तू म्हणाली होतीस की पाणी लागायला नको. मी दोन्हीकडे सोल्यूशन लावलंय. नळाचे जोड चिकटवतात ते. आता ते जन्मात निघायचं नाही." पहिल्या वाक्यात त्यांचा आवाज पडला होता, पण शेवटच्या वाक्यापर्यंत त्यात जरासा अभिमान परत आला होता.

बाईंनी फोन ठेवला. तेहतीस वर्षांच्या संसारात कुठल्या जागी बोलून उपयोग नाही, हे त्यांना पाठ झालं होतं.

"बंद नळकांडं आत सोडता येणार नाही," पहारेकरी म्हणाला. "नियम आहे."

रस्त्यापलीकडे नळाच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार साठीतला प्लंबर होता. त्याने पाइप उलटासुलटा करून पाहिला, टोपणावर नख मारलं आणि मान डोलावली. "हे काम कोणाचं?"

"आमच्या घरच्यांचं."

"मानलं पाहिजे. वीस वर्षं गळणार नाही."

"मला वीस मिनिटांत उघडून हवाय."

प्लंबरने हॅक्सॉ घेतला आणि तसाच थांबला. कापायचं खरं, पण आतला नकाशा कुठल्या टोकाला आहे, ते बाहेरून कसं कळणार? चुकीच्या जागी करवत फिरली तर नकाशाचंही भुस्कट. तो पाइप कानाशी हलवून ऐकू लागला. दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही आळीपाळीने कान लावला आणि आपापलं मत दिलं. एकाच्या मते नकाशा डावीकडे होता, दुसऱ्याच्या मते नकाशा नव्हताच.

बाईंनी पाइप त्यांच्या हातून काढून घेतला, जमिनीवर उभा धरला आणि दोनदा आपटला. "आत जे काही आहे ते खाली बसलं. पाइप अठ्ठेचाळीस इंच, नकाशा चाळीस. वरचे आठ इंच मोकळे. वरून चार बोटांवर कापा."

प्लंबरने कापलं. नकाशाला ओरखडाही आला नाही. "बाई, तुम्ही दुकान काढा," तो म्हणाला. सबंध दिवसात बाईंना मिळालेली ती एकमेव दाद होती आणि ती चुकीच्या खात्याकडून मिळाली होती.

पुन्हा फाटकाशी आल्या तर प्रवेशपासाची खिडकी जेवणासाठी बंद. उघडली तेव्हा आतल्या कारकुनाने हुकूम वाचला आणि म्हणाला, "हे पत्र कार्यालयाला आहे. तुमचं नाव कुठे आहे यात?"

"मी त्या कार्यालयातूनच आले आहे."

"पण समक्ष कार्यालयाने राहायचंय."

"कार्यालय बसमध्ये मावत नव्हतं," बाई म्हणाल्या.

विनोद कारकुनाला लागू पडला नाही. त्याने बाईंच्या साहेबांकडून त्यांच्या नावाचं पत्र मागवलं. साहेब कंबर शेकत असल्यामुळे ते पत्र यायला साडेचार वाजले. पास हातात पडला तेव्हा नकाशा शाखेतली माणसं खुर्च्या टेबलाखाली सारत होती. "उद्या या," त्यांतला एक चालता चालताच म्हणाला.

संध्याकाळची शेवटची बस पाचला होती. बाई परतल्या असत्या तर त्यांना कोणीही बोल लावला नसता. त्या फाटकाबाहेर दोन मिनिटं उभ्या राहिल्या. सोमवारी यंत्र येणार होतं. मग त्यांनी हॉटेल कुठे आहे ते पहारेकऱ्यालाच विचारलं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर पुढे केलं. "सोबत कोण?"

"कोणी नाही."

"एकट्याच?"

"नकाशा आहे," बाईंनी पाइप काउंटरवर ठेवला. मुलीने 'सोबत' या रकान्यात काय लिहिलं ते त्यांना दिसलं नाही.

खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती, तीही फार जवळून. गरम पाण्याच्या नळाला गार पाणी होतं आणि गार पाण्याच्या नळाला नुसता आवाज. दाराची कडी लागत नव्हती. बाईंनी नणंदेचं कुलूप काढलं, तर ते अडकवायला कोयंडाच नव्हता. शेवटी त्यांनी खुर्ची दाराला टेकवली आणि खुर्चीवर ते कुलूप नुसतंच ठेवलं, धाकासाठी. तेवढ्यात नणंदेचाच फोन आला. "लावलंस ना कुलूप?" बाई "लावलं" म्हणाल्या. ते त्या दिवसातलं पहिलं खोटं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला त्या नकाशा शाखेत हजर झाल्या. शाखेच्या प्रमुख कारकुनाने त्यांची चारही पत्रं फायलीत नीट लावून ठेवली होती. एकाही पत्रावर वाचल्याची खूण नव्हती, भोकं मात्र सुबक पाडलेली होती.

"चूक आहे म्हणता?" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "पण नकाशा मंजूर आहे. मंजूर नकाशात चूक नसते."

"मंजुरीचा शिक्का पाहून पाणी वर चढत नाही हो."

"ते पाण्याचं पाणी बघेल. मंजूर नकाशा बदलायचा तर शुद्धिपत्रक लागतं. ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने निघतं. कोपऱ्यात बघा, तपासणारे कोण आहेत."

बाईंनी कोपऱ्यात पाहिलं. 'तपासले' या शब्दापुढे उपअभियंत्यांची ऐटबाज सही होती. म्हणजे ज्यांची चूक, त्यांनीच ती चूक आहे असं लिहून द्यायचं. खात्याने माणसाच्या स्वभावाचा एवढा कमी अभ्यास कसा केला, याचं बाईंना नवल वाटलं.

उपअभियंत्यांनी त्यांना दोन तास बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून फार गोड वागवलं. चहा मागवला. लांबून आलात, दगदग झाली, म्हणाले. नकाशा उघडू मात्र दिला नाही. बाईंनी तो उघडायला हात घातला तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही आरेखक. तुमचं काम रेघ काढायचं. रेघ कुठे काढायची, ते आम्ही ठरवतो."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी किती साहेबांच्या किती चुका पेन्सिलीच्या गोलात पकडून गुपचूप दुरुस्त केल्या होत्या आणि त्या साहेबांना बढत्या मिळालेल्या पाहिल्या होत्या. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण हे गोड बोलणं थेट वर्मी बसलं. त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता.

"साहेब, तुम्ही सांगाल तिथे मी रेघ काढली असती," त्या म्हणाल्या. "पण पाणी माझ्या हाताखाली नोकरीला नाही."

उपअभियंत्यांचं हसू जरा आकसलं. "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय."

"कुठे नोंदवलंय, ते दाखवता का?"

"आता तुम्ही या."

बाई उठल्या, पण बाहेर येऊन गेल्या नाहीत. दारासमोरच्या बाकावर पाइप उभा धरून बसल्या. येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाही, उपअभियंते दार उघडून पाहत आणि पुन्हा लावून घेत. तिसऱ्यांदा दार लागल्यावर बाईंच्या साहेबांचा फोन आला.

"बाई, कशाला वाद घालताय? परत या. तुमच्या मुक्कामाला परवानगी नाही."

"मग मुक्काम करत नाही, साहेब. नुसती थांबते."

"अहो, पण का?"

"चारशे घरं आहेत. सोमवारी खणायला सुरुवात झाली की मग ते थांबायचं नाही. आणि पुढे नळाला पाणी आलं नाही की बघायला आपल्यालाच पाठवतील. तेव्हा मी त्या लोकांना काय सांगू, नकाशा मंजूर आहे म्हणून?"

साहेबांनी कंबरेचं कारण सांगून फोन ठेवला.

संध्याकाळी यजमानांचा फोन आला. त्यांनी आधी कुकरची शिट्टी का होत नाही ते विचारलं, मग कपडे धुण्याच्या यंत्रातून फेस बाहेर का येतो ते विचारलं आणि शेवटी अडखळत म्हणाले, "त्या टोपणामुळेच तुझा पहिला दिवस गेला ना? मी ते चिकटवायला नको होतं."

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "टोपण तरी कापता आलं. इथली माणसं त्याहून घट्ट बसलीत."

"मग येतेस का परत?"

"नाही."

"मीही तेच म्हणणार होतो," यजमान म्हणाले. बाईंना ते खरं वाटलं नाही, पण ऐकायला आवडलं.

शुक्रवारी सकाळी प्लंबरच्याच दुकानापाशी त्यांना कळलं की अकरा वाजता मुख्य अभियंत्यांची आढावा बैठक आहे. मुख्य अभियंत्यांना भेटायचं तर आठ दिवस आधी अर्ज लागे. बाई बैठकीच्या दालनाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात घाईघाईने आलेल्या शिपायाने त्यांच्या हातातला पाइप पाहिला.

"नकाशे लावायला आलात का? कधीपासून शोधतोय. चला आत."

बाईंनी क्षणभर विचार केला. नकाशा होता, तो लावायचाही होता. यात खोटं काहीच नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या.

भिंतीवर त्यांनी बाकीचे नकाशे सरळ लावून दिले, शिपायाने लावलेले दोन काढून पुन्हा सरळ लावले आणि मधोमध आपला लावला. मात्र तीन दिवस पाइपात गुंडाळलेला तो नकाशा काही केल्या सपाट राहीना. खालची कड सोडली की भर्रकन वर गुंडाळला जाई. शिपाई म्हणाला, "धरून उभ्या राहा तुम्ही." तेवढ्यात सगळे अधिकारी आत आले. अशा रीतीने ज्या बैठकीत बाईंना खुर्ची मिळणं अशक्य होतं, तिथे त्यांना सगळ्यांसमोर उभं राहायची अधिकृत जागा मिळाली.

उपअभियंत्यांनी त्यांना ओळखलं. तोंडाला लावलेला पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. मुख्य अभियंते म्हणजे पांढऱ्या भुवयांचा, थकलेला, सुटसुटीत बोलणारा माणूस. एकेक काम भराभर पुढे जात होतं. "टेकडीवरची वस्ती," वाचणाऱ्याने वाचलं. "नकाशा मंजूर. सोमवारी काम सुरू."

"छान. पुढचं?"

"साहेब," बाई म्हणाल्या. नकाशाची कड त्यांनी सोडली नव्हती. "पुढे जायच्या आधी दोनच आकडे वाचता का?"

दालनात कोणीतरी खुर्ची सरकवली. मुख्य अभियंत्यांनी वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"विभागीय कार्यालयाची आरेखक. मला नकाशासह समक्ष राहायला सांगितलंय. बुधवारपासून राहतेय."

"ही बाब शाखेच्या पातळीवर आहे, साहेब," उपअभियंते लगबगीने म्हणाले.

"पातळीचंच सांगतेय मी," बाई म्हणाल्या. "टाकीचा तळ वाचा, साहेब. आणि हा सगळ्यांत वरच्या घराचा उंबरा."

मुख्य अभियंते उठून नकाशापाशी आले, चष्मा पुसला. "सहाशे बारा. आणि हा सहाशे एकवीस." ते थांबले. पुन्हा वाचलं, यावेळी मनातल्या मनात. "उंबरा वर आणि टाकी खाली. म्हणजे?"

"म्हणजे नळ सोडला की घरातली हवा टाकीत जाईल, साहेब."

मागे कोणाला तरी हसू आलं आणि त्याने त्याचा खोकला केला. उपअभियंते म्हणाले, "पंप बसवता येईल. किरकोळ बाब आहे."

बाई वळल्या. त्यांचा आवाज तेवढाच होता, फक्त बोलणं अधिक सावकाश झालं. "नऊ वर्षं तिथली माणसं पाणी खालून वर नेतायत. टाकी झाल्यावरही पाणी खालून वरच न्यायचं असेल तर टाकी कशाला? आणि पंप बंद पडला की पाणी वाहायला कोणाला नेमायचं, शाखेला? चार पत्रं लिहिली मी. एकही वाचलेलं नाही. माझ्या काखेत मोजणीची वही आहे, टाकीची जागा माथ्यावर आहे, सहाशे एकतीस. हे खोटं असेल तर मला आत्ता, इथे सांगा. खरं असेल तर मी लिहून घेतल्याशिवाय ही कड सोडणार नाही."

बाई इतकं सलग कधीच कोणापुढे बोलल्या नव्हत्या. बोलण्याच्या भरात त्या कड ओढत होत्या, आणि टेकडीवरची वस्ती भूकंप झाल्यासारखी हलत होती. मुख्य अभियंत्यांनी वही घेतली, पान पाहिलं. मग वाकून नकाशाच्या कोपऱ्यातली सही पाहिली. सहीकडून त्यांची नजर सावकाश टेबलाच्या त्या बाजूला गेली.

"शुद्धिपत्रक आज निघेल," ते म्हणाले. "बाई, आता कड सोडली तरी चालेल."

बाईंनी कड सोडली. नकाशा भर्रकन वर गुंडाळला गेला.

काम इथे संपलं असं ज्याला वाटेल, त्याने कधी शुद्धिपत्रक काढून घेतलेलं नाही. टंकलेखिकेने पहिल्यांदा टाइप केलं ते 'सहाशे तेरा'. एकतीसचे तेरा झाले आणि टाकी पुन्हा घरांच्या खाली आली. बाईंनी पेन्सिलीने गोल काढला. दुसऱ्यांदा आकडा बरोबर आला, पण वस्ती दुसरीच आली. पुन्हा गोल. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं, पण शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली घेऊन माणूस दाढ काढायला गेला होता. बाई त्याच्या खुर्चीशेजारी बसून राहिल्या. तो चारला आला, एक गाल सुजलेला, आणि कोणाशी बोलता येत नसल्यामुळे त्याने काही हरकत न घेता शिक्का मारला. खात्यात इतक्या झटपट काम झाल्याची ती बहुधा पहिली वेळ असावी.

पाचची बस गाठून रात्री उशिरा बाई आपल्या गावच्या थांब्यावर उतरल्या. यजमान तिथे उभे होते. त्यांनी आधी एका टोकाला कापलेला पाइप पाहिला.

"आत पाणी गेलं नाही ना?"

"बसमध्ये कोणीतरी त्याच्या बंद टोकावर सबंध कपभर चहा सांडला. थेंब गेला नाही."

यजमानांनी पाइप बाईंच्या हातून घेतला आणि घरी जाईपर्यंत खांद्यावर मिरवला.

सोमवारी यंत्र आलं आणि बाई त्याच्या आधी टेकडीवर गेल्या. पायथ्याशी मारलेली खुंटी स्वतः उपटली आणि माथ्यावर नवी ठोकून घेतली. वस्तीतली एक आजीबाई भरलेली कळशी घेऊन चढत होती. ती टेकली आणि विचारू लागली, "टाकी खाली होणार होती ना गं?"

"होणार होती."

"मग आमच्या घरात पाणी कसं चढलं असतं?"

"मावशी, हेच विचारायला मी तीन दिवस गेले होते," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून दोन पत्रं एकाच टपालाने आली. पहिल्यात लिहिलं होतं की मुख्य कार्यालयाच्या दक्षतेमुळे टाकीच्या जागेतली त्रुटी वेळीच लक्षात आली. दुसरं पत्र बाईंच्या नावाचं होतं. परवानगी नसताना दोन दिवस अधिक का थांबलात, आणि निमंत्रण नसताना बैठकीत कशा उपस्थित राहिलात, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

बाईंनी तो खुलासा तीन दुपारी बसून केला. शुक्रवारी त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर पसरला. साहेब गोंधळून खुर्चीतून अर्धे उठले.

"हे काय आहे, बाई?"

तो नकाशा होता, प्रमाण एकास शंभर. त्यात फाटक होतं, पासाची खिडकी होती, नकाशा शाखेतली टेबलं होती, उपअभियंत्यांच्या दारासमोरचा बाक होता. प्रत्येक ठिकाणी बाई किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसल्या, ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. चार पत्रं कुठून निघाली आणि कुठे जाऊन थांबली, ते बाण काढून दाखवलं होतं. चारही बाण एकाच टेबलावरच्या एका फायलीत शिरत होते. एकही रेघ वाकडी नव्हती.

"खुलासा लिहायचा असतो," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"लिहिलेलं तिथे वाचत नाहीत."

"आणि हा मी वर पाठवला नाही तर?"

"राहू दे मग," बाई म्हणाल्या आणि नकाशा शांतपणे गुंडाळू लागल्या. "मी स्वतः घेऊन जाते."

साहेबांनी झटकन हात पुढे करून नकाशाची कड धरली, दुसऱ्या हाताने पेन शोधलं आणि उभ्या उभ्याच सही करून टाकली.